दीड इंचाची माया

शिंपीणबाईंची लेक शाळेत असताना लिहिलेला आपलाच प्रोग्रॅम सुधारायला बसली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. गिऱ्हाइकाचं माप टाकलं की कापड किती बेतायचं ते सांगणारा हा प्रोग्रॅम म्हणजे नुसता गुंता होता. "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?" ती करवादली. गाढव घरातलंच होतं. त्यात प्रत्येक मापात 'माया' नावाचा दीड इंच मिळवलेला. का, ते काही केल्या आठवेना. तिने तो रागारागाने उडवला.

दुसऱ्या दिवशी आईने तीन नवे सदरे तिच्यापुढे आपटले. एकही गिऱ्हाइकाच्या अंगात शिरला नव्हता.

"शिवणीत दाबायला जास्तीचं कापड नको? त्यालाच माया म्हणतात, इंजिनिअरबाई! कॉलेजात जायच्या आधी ठाऊक होतं तुला."