आधी चाक, मग किल्ली

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना सांगितलं, की काचबिंदूमुळे तुमची बाजूची नजर गेलेली आहे, यापुढे गाडी चालवायची नाही. सासऱ्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमची पिकअप तुमी चालवणार हाय काय?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न खरा होता. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्या भागात बहुतेक घरांत तसंच आहे. मामांनी उमेदीची वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले, मग स्वतःची पिकअप घेऊन पशुखाद्याचा धंदा सुरू केला. शाहूपुरीतल्या गोदामातून पेंडीची आणि भुशाची पोती भरायची आणि शाहूवाडीकडच्या दूधवाल्यांच्या दारात नेऊन उतरवायची. नवरा पुण्यात नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येणारा. मी तेव्हा शाहूपुरीतच एका व्यापाऱ्याकडे बिलं लिहायचं काम करत होते आणि त्या कामाचा मला मनापासून कंटाळा आला होता. चारचाकीचं लायसन माझ्याकडे होतं. दवाखान्यातून परत येताना मी रिक्षातच सांगून टाकलं, की पिकअप मी चालवीन.

घरी आल्यावर आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चालव की. त्यात काय हाय?" त्यांच्या लेखी विषय संपला. मामांना मात्र दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला अंगणात बोलावलं. गाडीची किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. माझ्या पुढ्यात त्यांनी जॅक आणि नट सोडवायचा पाना ठेवला.

"मागचं डावं चाक काढायचं, आन् परत बसवायचं. जमलं की किल्ली मिळंल."

"तुम्ही दाखवा की एकदा."

"वाटंत काय मी असणार हाय?"

असं म्हणून ते समोर खुर्ची टाकून चहा प्यायला बसले. म्हशीची धार उरकून आत्या ओट्यावर मेथी निवडत होत्या, त्या जरा सरकून बसल्या, म्हणजे त्यांना नीट दिसावं.

मी जॅक एक्सलखाली लावला, दांडा फिरवत गेले, गाडी हळूहळू वर आली. चाक जमिनीपासून चार बोटं सुटलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मग पाना नटाला लावला आणि जोर केला. नटाबरोबर सगळं चाकच गोल फिरलं. पुन्हा जोर केला, पुन्हा फिरलं. मी मामांकडे बघितलं. ते चहा पीत होते.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, फिरव की. जत्रंतला पाळणा झालाय."

आत्या एवढ्या हसल्या, की मेथीची जुडी खाली पडली. मग माझं माझ्याच लक्षात आलं. गाडी खाली घेतली, चाक जमिनीवर टेकवलं आणि मग नट ढिले करायला घेतले. आधी नट ढिले करायचे, मग गाडी उचलायची. एवढी साधी गोष्ट. पण कुणी तोंडाने सांगितली असती तर मी दोन दिवसांत विसरले असते.

नट हाताने हलेनात. शेवटी पान्यावर चक्क उभी राहिले आणि ओढणी कमरेला बांधून त्याच्यावर नाचले, तेव्हा कुठे पहिला नट करकरला. सहा नट निघाले. चाक उतरवताना अंगावर येतंय की काय अशी भीती वाटली, पण आलं नाही. परत बसवताना मी एका बाजूने ओळीने नट आवळत गेले, तेव्हा मामा पहिल्यांदा खुर्चीवरून उठले.

"तसं न्हाय. एक आवळला की त्याच्या समोरचा. न्हायतर चाक वाकडं बसतंय. आन् आणखी एक सांगून ठेवतो. चाक बदललं की चार-पाच किलोमीटरावर थांबायचं आन् सगळे नट परत आवळायचे. मधी माती अडकलेली असती. ती निघाली, की नट ढिला."

मी मान डोलावली. त्या दिवशी चारही चाकं काढली आणि बसवली. दुपारी जेवायला बसले, तेव्हा नखांतला काळा थर निघाला नव्हता. पण किल्ली मिळाली होती.

पुढच्या महिन्यात मी बिलं लिहायचं काम सोडलं. गाडी चालवणं दोन आठवड्यांत अंगवळणी पडलं. खरं शिक्षण दर सोमवारी सकाळी व्हायचं. इंजिन गार असताना ऑइलची काडी बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची आणि मग बघायची. पहिल्या सोमवारी मी ती मामांच्या खांद्यावरच्या टॉवेलला पुसली, तेव्हापासून आत्यांनी गाडीत वेगळं फडकं ठेवलं. रेडिएटरमधलं पाणी, ब्रेकचं ऑइल, चारही चाकांतली हवा, खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. मामा ती दर सोमवारी खाली उतरवून तिची हवा बघायला लावायचे. टायरचा रबर ते बोटांनी चाचपायचे. बाजूची नजर गेली तशी त्यांची बोटं आणि कान जास्तच तयार झाले होते. मी गाडी सुरू करून उभी राहायचे आणि ते बॉनेटवर हात ठेवून ऐकायचे.

"फॅनचा पट्टा कुरकुरतोय."

मला काहीच ऐकू यायचं नाही. गॅरेजात नेली की पट्टा खरोखर झिजलेला निघायचा. गॅरेजवाला मात्र पहिले सहा महिने माझ्याशी बोलतच नव्हता. गाडी मी न्यायची, तक्रार मी सांगायची आणि तो माझ्यामागे उभ्या असलेल्या मामांना म्हणायचा, "व्हय काय, पावणं?" मामा आभाळाकडे बघत बसायचे. कंटाळून एके दिवशी त्याने मलाच विचारलं, "बरं, ब्रेक दाबल्यावर आवाज येतोय का सोडल्यावर?" त्या दिवसापासून आमचं चांगलं जमलं.

त्या वर्षी पावसाळा सरत आलेला, भात पोटरीला आलेलं असताना, मी बावीस पोती घेऊन एकटीच शाहूवाडीकडे निघाले होते. मामांना ताप होता म्हणून ते घरी. मुख्य रस्ता सोडून वरच्या वाडीकडे वळले आणि चढावर मागून धप्पकन आवाज आला. उतरून बघितलं, तर मागचं उजवं चाक पार बसलेलं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या, आणि फोनला रेंज नाही.

पहिली पाच मिनिटं मी नुसती गाडीभोवती फिरले. मग पुढच्या चाकांच्या मागे दोन मोठे दगड लावले, हँडब्रेक दोनदा ओढून बघितला आणि स्टेपनी खाली उतरवली. एवढ्यात खालून एक मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, गड्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं. तो थांबला.

"डायवर कुठं गेला, ताई?"

"मीच ड्रायव्हर."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोत्यांकडे. मग मोटरसायकल स्टँडवर लावली आणि शेजारच्या दगडावर बसला. मदत करू का, असं त्याने विचारलं नाही. बहुधा बघण्यासारखं काही मिळालंय असं त्याला वाटलं असावं.

चाक जमिनीवर असतानाच मी नट ढिले करून घेतले. जॅक लावला. गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच मातीत खाली खाली जायला लागला. जमीन ओलसर, वर बावीस पोत्यांचं वजन. मी जॅक काढला, दुसरीकडे लावला, तिथेही तेच.

"खाली फळी घालाय पायजे," दगडावरून आवाज आला.

पोती उतरवताना लावायची जाड फळी गाडीत होतीच. मला ती सुचली नव्हती, एवढंच. फळीवर जॅक ठेवला आणि या वेळी गाडी वर आली. चाक काढलं, स्टेपनी मांडीचा आधार देऊन उचलली, भोकं जुळवली. पहिल्यांदा जुळली नाहीत, दुसऱ्यांदाही नाहीत, तेव्हा तो गडी उठला आणि खालून पायाने चाकाला थोडा टेका दिला. सहाही नट समोरासमोरचे आवळले. चिखल कोपरापर्यंत आला होता.

तो किटल्या सारख्या करत म्हणाला, "माझ्या भावाला येत न्हाय हे. चार वर्सं झाली गाडी घेऊन." आणि गेला.

एवढ्या एका वाक्यावर मी पुढचा सगळा चढ तरंगत गेले. वाडीत पोती उतरवली, चहा घेतला, रेंज मिळाली तशी नवऱ्याला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. चार-पाच किलोमीटरावर थांबायचं, हे पूर्ण डोक्यातून गेलं.

परत येताना बांबवड्याच्या अलीकडे मागून बारीक टकटक ऐकू यायला लागली. मला वाटलं, रिकाम्या हौद्यात फळी आपटत असेल. मग टकटक वाढली आणि गाडीचं बूड किंचित डोलायला लागलं. मी बाजूला घेतली आणि उतरले. दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. तिसराही सुटायच्या बेतात होता.

तिथेच रस्त्याकडेला बसले. मागून शाळेची एक बस गेली, भरलेली. मी तिच्याकडे बघितलं आणि मग बराच वेळ कुठेच बघितलं नाही. नंतर उठून पान्यावर उभी राहिले आणि एकेक नट आवळला. घरी पोचेपर्यंत चार वेळा थांबून पुन्हा बघितले.

घरी मात्र माझी कीर्ती आधीच पोचली होती. नवऱ्याने आईला फोन केला होता. मामा तापातून उठून बसले होते आणि शेजारच्या काकांना सांगत होते, "बावीस पोती वर असताना बदललं, एकटीनं." मी हात धुवायला गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून नटांचं काही तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उन्हाला बसले होते, तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. टकटक, डोलणारी गाडी, बोटांनी फिरणारे नट. किल्ली पण पुढे केली. मला वाटलं, आता ते ती घेतील.

मामांनी किल्लीला हात लावला नाही. मग म्हणाले, "बस खाली."

मी बसले.

"नृसिंहवाडीच्या रस्त्यानं चाललोतो. ट्रक भरलेला. सकाळचं, तूच बघ, अशीच वेळ. आन् माझ्या शेजारनं एक चाक पुढं गेलं. एकटंच. मी म्हटलं, कुणाचं चाक म्हणायचं हे? मागं तर कोण न्हाय. आन् मग आमचा ट्रक एका अंगाला बसला."

"तुमचंच?"

"माझंच की. आदल्या दिवशी बदललेलं. परत आवळलं न्हवतं. पुढं दत्ताला चालत निघालेली माणसं होती दहा-बारा. चाक त्यांच्या मधनं गेलं आन् उसात शिरलं. एका म्हातारबाची छत्री तेवढी मोडली." ते जमिनीकडे बघत होते. "मालकाला सांगितलं, बोल्ट तुटलं म्हणून. कुणाला सांगितलं न्हाय खरं काय ते. आज तुला सांगितलं."

"आन् मला?" मागून आत्यांचा आवाज आला. त्या हातात चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. "एवढी वर्सं झाली, मला का न्हाय सांगितलं?"

आत्यांनी कप खाली ठेवले. "ती जागा मला बघायची हाय. चला, दावा मला."

त्यांचा हट्ट चार दिवसांनी पुरा झाला, मामांचा ताप उतरल्यावर. पिकअपच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीने बसून नृसिंहवाडीला निघालो. गाडी मी चालवत होते, मामा खिडकीपाशी, आत्या मधे. वाडीच्या अलीकडे मामांनी हात केला, मी थांबवली. ते उतरले, इकडे तिकडे बघत राहिले. तिथे आता एक मंगल कार्यालय झालं होतं, मोबाइलचं दुकान होतं, रस्ता दुप्पट रुंद झाला होता. ऊस दोन्ही बाजूंना होता, पण तो तर जिल्हाभर आहे.

"हितंच," मामा म्हणाले. मग दहा पावलं पुढे जाऊन म्हणाले, "का तिथं?"

आत्या खाली उतरल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून उसाकडे बघितलं, मग मामांकडे. "कुठं बी असू दे. कुणाला लागलं न्हाय न्हवं? बसा आता गाडीत. दर्शन घेऊ, बासुंदी खाऊ, आन् दिवस बुडायच्या आत म्हशीची धार काढाय घरी जायाचं हाय."

मामा चढले. त्यांनी दार लावून घेतलं आणि मी गाडी गिअरमध्ये टाकली.