पाळ्यांचे कॅलेंडर आणि नंदाची उंची

१९६४ सालच्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी सकाळी, बंगळूरच्या एका इस्पितळात सहा वर्षांच्या नंदाची उंची मोजली. तीन फूट आठ इंच. आठ महिन्यांपूर्वीच्या केसपेपरवरही तीन फूट आठ इंचच होती. वजन मात्र पाच किलोने वाढले होते. डॉक्टरांनी तिला टाचा भिंतीला टेकवायला सांगून पुन्हा मोजले. आकडा तोच आला.

नंदा माझी मुलगी. दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात आलो. मल्लेश्वरममध्ये भाड्याने घर घेतले. त्याच वर्षी तिच्या शिंका सुरू झाल्या. सकाळी वीस-पंचवीस शिंका, दिवसभर वाहणारे नाक, झोपेत उघडे तोंड. डॉक्टरांनी नाव सांगितले, अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस. म्हणजे धूळ किंवा परागकण नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला सोसत नाहीत आणि ते सुजते. आधी दिलेल्या गोळ्यांनी ती वर्गात झोपू लागली. म्हणून डिसेंबरमध्ये स्टिरॉइडचा फवारा दिला. हे सूज उतरवणारे औषध तेव्हा नवे होते. कारखान्यातले कुणी ना कुणी प्रशिक्षणाला परदेशी जात असे, तो बाटल्या आणून देई. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तीन महिन्यांनी उंची-वजन बघायला आणावे, असेही चिठ्ठीवर लिहिले होते.

आठवड्याभरात नाक मोकळे झाले. तीन महिन्यांनी आम्ही गेलो नाही. मूल बरे असताना रजा काढून रांगेत कशाला बसायचे, असे वाटले.

मार्चपासून तिचे गाल भरू लागले. घरमालकीण सावित्रीअक्का मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या. त्या म्हणाल्या, "आली तेव्हा नुसती काडी होती गं बाई! आता स्वल्प गुंडू-गुंडू झाली बघ. आमच्या बंगळूरची हवा ही, तुमच्या पुण्यात कुठली!" माझी पत्नी सुमन खूश झाली. तिने नंदाचा फोटो काढवून पुण्याला पाठवला.

जुलैत नंदाचा फ्रॉक पोटावर बसेना. लांबीला मात्र तो गेल्या वर्षीइतकाच पुरत होता. हे सुमनच्याच लक्षात आले आणि आम्ही इस्पितळात गेलो.

"सांगितलं तेवढ्याच औषधानं हे व्हायला नको," डॉक्टर म्हणाले. "दिवसातून किती वेळा देता?"

"दोनदा," आम्ही दोघांनी एकदमच सांगितले.

त्यांनी तोच प्रश्न नंदाला कन्नडमध्ये विचारला. शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये ती म्हणाली, "कधी दोनदा, कधी चारदा. आई देते, मग बाबा देतात." मी ते सुमनला मराठीत सांगितले.

"अगं, मग बोलली का नाहीस?" सुमनने विचारले.

"चारदा दिलं की नाक छान राहतं. कुणीच नाही दिलं तर मी मागतेच की."

कारखान्यातली माझी पाळी दर आठवड्याला बदलत असे. फवारा कुणी द्यायचा यात गोंधळ नको म्हणून सुमनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. निळी खूण असेल त्या वेळी मी, लाल असेल त्या वेळी ती. जानेवारीच्या अखेरीस कारखान्याने पाळ्यांचा क्रम बदलला. घरात डब्याच्या वेळा बदलल्या, कॅलेंडर बदलले नाही. मी नव्या पाळीप्रमाणे देत राहिलो, ती खुणांप्रमाणे. बाटल्या लवकर संपत होत्या. मी जास्त मागवत होतो.

"आजपासून बंद करतो," मी म्हणालो.

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी शरीराला लागणारं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून भरपूर मिळालं की त्या काम थांबवतात. एकदम बंद केलंत आणि साधा ताप आला, तरी मूल कोसळू शकतं. हळूहळू उतरवायचं. तोवर ताप, उलटी काहीही झालं तरी थेट इथं यायचं."

ऑक्टोबरमध्ये ताप आला. उलट्या झाल्या, नंदा हाकेला नीट ओ देईना. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे ग्रंथींनी बनवायचे तेच द्रव्य, दिले. आम्ही तीन दिवस वॉर्डच्या बाकावर होतो. पहिल्या दिवशी सुमन म्हणाली, "चूक कुणाची, ते घरी गेल्यावर ठरवू." घरी गेल्यावर तो विषय निघाला नाही.

डिसेंबरमध्ये फवारा पूर्ण थांबला. जानेवारीत शिंका परतल्या. डॉक्टरांनी तोच फवारा पुन्हा लिहून दिला, सकाळी एकदाच आणि फक्त सहा आठवडे. सुमनने चिठ्ठी तीनदा वाचली. "भिण्यासारखं औषध नाही," ते म्हणाले, "मोजून द्यायचं औषध आहे."

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांना एवढेच सांगता येईल की फवारा एकाच माणसाच्या हाती ठेवावा आणि मूल बरे दिसत असले तरी दर तीन महिन्यांनी उंची मोजून घ्यावी. मनाने वाढवू नये, मनाने थांबवूही नये. आमच्याकडे फवारा सुमन देते. मी बाटलीला हात लावत नाही.

१९६५ च्या एप्रिलमध्ये नंदाची उंची गेल्या ऑगस्टपेक्षा सव्वा इंच जास्त भरली. डॉक्टरांनी आकडा लिहिला आणि जुलैमधली तारीख दिली.