परण्याची हलगी

"बाप कुठं पळून चाललाय व्हय? आधी परण्या वाजीव, मग मढं उचला."

तात्या दारात उभं राहून म्हणाले. कारखान्याचे डायरेक्टर. आत माझा बा मरून पडलेला, अजून अंघोळसुदिक घातली नव्हती. त्यांचा पोरगा नवरदेव होऊन, घोड्यावर बसून परण्याला, म्हंजी लग्नाआधी मारुतीच्या पाया पडाय, निघायचा खोळंबलेला. तवा बारामतीहून बँजो पार्टी आणायचं नवं खूळ आलं होतं, तरी मारुतीपर्यंत मांगवाड्याची हलगीच लागायची. बाच्या मागं वाजवणारा मीच.

न्हाय कसं म्हणायचं? आमचं घर त्यांच्या जागेत, पाणी त्यांच्या विहिरीचं. आईनं हातानंच जा म्हणून खुणावलं. तीबी भेदरलेली. बाची हलगी उचलली आन् निघालो.

पारापाशी पाचट पेटवून हलगी शेकली. कातडं तापून ताणलं की मगच ती बोलती. घोडं पुढं आलं, पोरं नाचायला सरसावली. मी हलगीवर टिपरू मारलं.

परण्याची चाल येगळी, मढ्याम्होरची येगळी. मला परण्याचीच वाजवायची होती, देवाशप्पथ. हातातनं मढ्याची निघाली. सकाळपासनं डोळ्यांत टिपूस न्हवता, आन् आता वाजवता वाजवता मी हमसून हमसून रडाय लागलो. नाचणारी पोरं जागीच थांबली. एका म्हाताऱ्यानं तर सवयीनं टोपी काढली.

पाठीत लाथ बसली. तात्या वरडले, "चाल बदल!"

भ्यालो होतो. तरी बोललो, "तात्या, माझा बा मेलाय. आज हीच चाल हाय."

तीच वाजवत घराकडं वळलो. मागनं शिव्या आल्या, एक धोंडाबी आला. हलगी ऐकली आन् आईनं दारातच हंबरडा फोडला. तिचा हंबरडा ऐकून अख्खी आळी धावली. तात्यांच्या भ्यापायी कुणी दारात आलं न्हवतं तवर. तवाच उचललं आमी बाला.

पुढं तात्यांनी आमचं घर मोडायला लावलं. आमी इंदापूरला आलो. अजून दारात गाडी थांबली की मी आधी खिडकीआडनं बघतो. हलगी सोडली न्हाय मी. कुणी नीट विचारायला आला तर जाईन, लग्नाला वाजवीन, मढ्याम्होरंबी वाजवीन. हुकूम घेऊन आला, तर कापत कापत का हुईना, त्याच्या तोंडावर न्हाय म्हणीन.