आबा आणि न्यूझीलंडच्या मेंढ्या

चिमूटभर माती उचलायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "उडी ऱ्हायनं." म्हणजे खत उडून चाललंय. मेंढपाळ आबांना यापलीकडे यंत्र लागत नसे. मला मात्र याच कामासाठी धुळ्याहून दोन खोकी भरून सामान आणावं लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याजवळच्या एका रिकाम्या शेतात आबांच्या मेंढ्या बसायला होत्या. तुम्हीही बसच्या खिडकीतून असे कळप पाहिले असतील. मेंढ्या रात्रभर जाळीच्या कुंपणात बसतात आणि सकाळी शेताला लेंड्यांचं खत मिळालेलं असतं. त्या खतातला किती नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत उडून जातो, ते आमच्या प्रकल्पाला मोजायचं होतं. तेच मोजमाप न्यूझीलंडमध्ये चालू होतं. शेवटी दोन्ही देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, पण अनोळखी माणसापुढे दोन्ही भाषा मला सोडून जातात. कसंबसं मी आबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यास्न्या मेंढ्या आनि आपल्या मेंढ्या. सामना?"

"सामना नाही, आबा. तुलना."

"तेच ते."

त्या दिवसापासून त्यांना जिंकण्याची काळजी लागली. "तठल्या काय खातस?" त्यांनी विचारलं. गवत, मी म्हटलं. "नुसतं गवत?" त्यांना त्या मेंढ्यांची खरोखर कीव आली.

एक हट्टही त्यांनी धरला. आमच्या पद्धतीत खत उघडंच ठेवायचं होतं. आबा म्हणाले, "एक पट्टा मन्हा हिशोबानं कर. दिन निघाना पहिले नांगरी टाक." खत उन्हाआधी मातीखाली जावं म्हणून शेतकऱ्यालाही त्यांनीच पहाटे उठवलं. नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं, म्हणून मी त्या पट्ट्याचेही नमुने घेत गेले.

पाचव्या दिवशी मी जेवून आले, तर बर्फाच्या पेटीतल्या सगळ्या पिशव्या रिकाम्या. गोणपाटावर ओळीने, चिठ्ठ्यांसकट, माझे नमुने वाळत घातलेले. शेजारी आबा पाखरं हाकलत बसले होते.

"हे परदेशासमोर जाई," ते म्हणाले. "ओलं कसं देवो? वास येस."

अमोनियाचा तो वासच मला मोजायचा होता. मेच्या उन्हात तो कधीच निघून गेला होता. आबा दुसऱ्या दिवशी शिरपूरकडे निघणार होते आणि तक्त्यात भारताचा रकाना कोरा राहणार होता. मी गोणपाट गुंडाळू लागले.

"पोरी, बोल ना. काय उडनं?"

"सगळं."

आबांनी गोणपाटाचं दुसरं टोक धरलं. "मन्हामुळे हारनूत आपन," ते म्हणाले. मग त्यांनी शिरपूरच्या शेतकऱ्याला फोन लावला.

"पाच दिन थांब, भाऊ. मेंढ्यास्नी परीक्षा शे."

पलीकडचा माणूस मोठ्याने काहीतरी बोलला.

"हां, परदेशना पेपर शे," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आम्ही सगळं पुन्हा केलं. या खेपेला आबा बर्फाच्या पेटीवरच बसून असत. "अंडी उबवी ऱ्हायनात का?" त्यांची बायको विचारायची. ते हलत नसत.

महिन्याभराने आकडे आले. फोनवर बोलायला मला भीती वाटते, मी मेसेज करते. पण आबा मेसेज वाचत नाहीत. जिन्यात जाऊन मी फोन लावला.

"मंग?"

"खत उघडं होतं तिथे आपण हरलो. ऊन फार. पण तुमच्या पट्ट्यात जिंकलो, आबा. तक्त्यात त्याचा वेगळा रकाना केलाय."

पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या. आबा बायकोला हाक मारून म्हणाले, "ऐकी ऱ्हायनी का? जिंकनूत." आणि मला, अगदी गंभीरपणे: "तठल्या लोकेस्ले बी सांगी दे. त्यास्न्या मेंढ्यास्ना काही दोष नही."

मी खरंच लिहून पाठवलं. न्यूझीलंडहून उलट प्रश्न आला: खत पडल्यावर नेमकं किती वेळात मातीखाली घालावं, हे त्या गृहस्थांना विचाराल का?

तोवर कळप शिरपूर सोडून पुढे गेला होता. आबांचा फोन तेव्हा लागला नाही, अजूनही लागत नाही. उत्तर काय असेल, याचा अंदाज मला आहे: दिन निघाना पहिले. तरीही मी न्यूझीलंडला एवढंच कळवलं, की विचारून सांगते.