बंद खाणीचं पाणी

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चहाच्या किटलीला आतून थर चढतो, तसे ते आपोआप साचतात. एक दिवस झाकण उघडून बघावं तर चहाला जागाच उरलेली नसते. आमच्या किटलीतला थर तांब्याचा होता.

गोष्ट पन्नास-साठच्या दशकातली. मी पुण्याहून बंगलोरला सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून आलो आणि बसवनगुडीत खोली घेतली. शेजारच्या टेबलावर गुंडूराव अण्णा बसायचे. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षं इकडचं. मराठी बोलायचे, पण दोन वाक्यांमागे एक कानडी ‘स्वल्प’, म्हणजे थोडंसं, आणि एक ‘सरी’, म्हणजे बरं, हटकून यायचा.

अण्णांच्या थोरल्या बहीण, अक्का, खेड्यात एकट्या राहायच्या. गावाच्या वरच्या अंगाला तांब्याची बंद पडलेली खाण आणि खाली तळं. खाण चालू होती तोवर पंप आतलं पाणी उपसायचे. ती बंद झाली, पंप थांबले, पाणी भरून वर आलं आणि तांबं अन् आम्ल घेऊन ओढ्याने तळ्यात उतरायला लागलं. मासे मेले, काठचं भात पिवळं पडलं. अक्का मात्र तेच पाणी पीत राहिल्या. ओढ्याला एक चर खणून ते पाणी तळ्यापासून दूर वळवावं, एवढीच अण्णांची मागणी होती. पुढचा सगळा ताप त्या एका चरासाठी!

* * *

खाणींचा कारभार ज्या साहेबांकडे होता त्यांना आम्ही दोघं भेटायला गेलो. साहेबांनी विचारलं, खाण चालू आहे का? नाही. माणसं किती कामाला? कोणी नाही, फक्त एक चौकीदार. मग पाणी खराब कोण करतंय?

अण्णांनी पंप, पाऊस, बाहेर पडलेले दगडांचे ढीग, सगळं दोनदा समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मिस्टर राव,” ते म्हणाले, “दुकान बंद असताना गिऱ्हाइकाची तक्रार मी कशी घेऊ?”

* * *

तरी त्यांनी एक मेहेरबानी केली. ओढ्याचं पाणी तपासायला पाठवा, असा हुकूम खाणीवरच्या चौकीदाराला, मुनियप्पाला, सोडला. बाटली आली. आम्ही तपासलं तर तांब्याचा मागमूस नाही. साहेबांचा तर फोनवर आनंद मावेना.

अण्णांनी बाटली पुन्हा उघडून नाकाशी धरली. ब्लीचिंग पावडरचा वास! बंद खाणीत ब्लीचिंग कोण टाकतंय? दुसऱ्या दिवशी बस पकडून अण्णा थेट मुनियप्पासमोर उभे राहिले. त्याने बाटली खाणीच्या ऑफिसच्या नळावर भरली होती आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

“ओढ्याचं पाणी फार खराब आहे हो,” तो म्हणाला. “एवढ्या शिकलेल्या माणसांना ते कसं पाठवायचं?”

* * *

मग मी म्हटलं, डोळ्यांनीच दाखवू. साहेबांच्या टेबलावर दोन काचेची भांडी मांडली. एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात अण्णांनी स्वतः भरून आणलेलं ओढ्याचं. दोन्हींत शेजारच्या गावच्या एकाच तळ्यातले मासे. चहा येईपर्यंत ओढ्याच्या पाण्यातले मासे उलटे तरंगायला लागले. विहिरीतले मजेत होते.

साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, झालं काम.

“खेड्यातले मासे,” साहेब सरळ होत म्हणाले. “ऑफिसात बुजले असतील.”

विहिरीच्या पाण्यातले का बुजले नाहीत, हे विचारायला मी तोंड उघडलं. अण्णांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

* * *

साहेब परवडले, पण अक्का नको. बंगलोरला, राजाजीनगरच्या माझ्या घरी या म्हणून अण्णांनी हातापाया पडून सांगितलं. त्या तळं सोडायला तयार नव्हत्या. निदान ते पाणी तरी पिऊ नका म्हटलं, तर म्हणाल्या, मी उकळून पिते.

अण्णा मेटाकुटीला आले. उकळल्याने पाणी आटतं, तांबं जिथल्या तिथे राहतं, हे ते बहिणीला चुलीपुढे बसून समजावत होते.

“राहू दे की रे गुंडू,” अक्का म्हणाल्या. “तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यावं, असं आपले आजोबाच सांगायचे ना?”

मी त्या दिवशी बरोबर होतो. परतीच्या बसमध्ये, बंगलोर जवळ आल्यावर अण्णा म्हणाले, “माझ्यानंतर मोठी तीच एक राहिली आहे हो घरात.” अक्का आधीच्या, अण्णा नंतरचे; वाक्य उलटं झालंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मीही दुरुस्त केलं नाही.

* * *

शेवटी साहेब स्वतः पाहणीला आले. ओढ्याकाठी बसून खिशातल्या चाकूने त्यांनी संत्रं कापलं, चाकू धुवायला म्हणून पाण्यात ठेवला आणि संत्रं खात बसले. चाकू उचलला तर पातं लालभडक! तांब्याच्या पाण्यात लोखंड ठेवलं की त्यावर तांबं चढतं, हा शाळेतला प्रयोग. तो आज खुद्द साहेबांच्या हातून झाला होता. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता चर नक्की.

“एवढं तांबं?” साहेब ओरडलेच. “आणि ते असंच वाहून जातंय?”

आठवड्याभरात हुकूम निघाला. ओढा आणि तळं यांतलं तांबं ही सरकारी मालमत्ता आहे, सबब पाण्याला कोणी हात लावू नये. पहाऱ्यावर मुनियप्पा. चराचं नावही नाही. अण्णांनी हुकूम वाचला, घडी घालून खणात ठेवून दिला.

पुढच्याच महिन्यात प्रयोगशाळेच्या दारात अक्का. हातात बाटली, चेहरा लाल. तळ्यावर घागर बुडवू देत नाही मेला मुनियप्पा, म्हणाल्या. म्हणतो, सरकारी पाणी आहे. रोज सकाळी ऑफिसच्या नळावर घागर भरून दारात आणून ठेवतो.

अण्णा खुर्चीवरून उठले होते, ते हळूच खाली बसले.

अक्कांनी बाटली त्यांच्या टेबलावर आदळली.

“हे तपास गुंडू. कसला घाणेरडा वास येतोय याला. काहीतरी कर, आणि मला माझं तळ्याचं पाणी परत मिळवून दे!”