आईच्या डोळ्यात सोडलेल्या पेशी
आईची नजर अधू होत चालली होती. खारघरचे एक डॉक्टर म्हणाले, पोटाच्या चरबीतल्या मूलपेशी डोळ्यात सोडल्या की त्या आपोआप डोळ्याच्या होतात. माझ्या बारावीतल्या मुलीने तिथेच विचारलं, "आपोआप कशा? जनुकं सगळ्या पेशींत सारखीच असतात. डोळ्याची जनुकं चालू झाली तरच डोळ्याची पेशी बनते. ती चालू कोण करणार?"

"डॉक्टर तू आहेस का?" मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं.

उपचाराआधी आई कॅलेंडरवरची तारीख पाच फुटांवरून वाचायची. मी टेपने मोजलं होतं. पेशी सोडल्यावर तीन महिन्यांनी पनवेलच्या घरात पुन्हा मोजलं. दोन फुटांवरूनही तिला तारीख दिसेना.

"असू दे रे, तुझं काय चुकलं त्यात?" आई म्हणाली.

मुलगी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती.