द्राक्षांच्या गावात पेवाचा वास

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी गंमत वाटेल. मी बत्तीस वर्षं अमरावतीत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. स्टाफरूममध्ये कुणी भूत, भानामती, अंगात येणं असले विषय काढले की मी चहाचा कप उचलून बाहेर जायचो. या सदरातले अनुभव माझी बायको, सुनीता, मोठ्यांदा वाचून दाखवते. त्यावर "बीपी तपासून घ्या म्हणावं त्यांना" यापलीकडे मी कधी काही बोललो नाही. आज मीच लिहायला बसलोय, आणि ती समोर बसून गालातल्या गालात हसतेय.

आमची मुलगी केतकी नोकरीसाठी व्हिएन्नाला असते. मागच्या वर्षी गणपती आटोपून आम्ही दोघं दीड महिना तिच्याकडे गेलो. तिने आमच्यासाठी भली मोठी यादी केली होती. राजवाडे झाले, म्युझियम झाली, माझे गुडघे बोलायला लागले. मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आज शेतीच बघायला जाऊ, म्हणजे तुमचं तोंड जरा सरळ होईल."

आगगाडीने तासाभरावर एक खेडं. चहूकडे द्राक्षांचे मळे. गावामागच्या टेकडीला लागून एक गल्ली, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना बुटकी, चुना दिलेली दारं. नुसती दारंच बरं का, मागे घर नाही! दार उघडलं की सरळ जमिनीच्या पोटात उतरणारा जिना. पिवळट चिकणमातीत खणलेली तळघरं. त्यात वाइनची पिंपं.

मी घेत नाही. सुनीता पुण्याची आहे, तीही घेत नाही असं म्हणते.

मालक पंचाहत्तरीचा म्हातारा. इंग्रजी जेमतेम. पण हात बघितले आणि मला माणूस आवडला. भेगाळलेले, नखांत माती... आमच्या तिवसा तालुक्यातल्या कुठल्याही बांधावर शोभले असते. त्याने आम्हाला मोठं तळघर दाखवलं. जर्मनमध्ये बराच वेळ काही समजावलं, केतकीने त्याचं मराठी चार वाक्यांत उरकलं. "हा नुकताच काढलेला रस आहे. मागच्या छोट्या तळघरात काम चालू आहे, तिकडे जायचं नाही. आता वर जाऊन चव घ्यायची. चला."

वर अंगणात आलो. केतकी म्हाताऱ्याबरोबर बाजूच्या खोलीत ग्लासांकडे गेली. सुनीता चप्पल काढून अक्रोडाच्या झाडाखाली बाकावर बसली. मी उगाच इकडे तिकडे करत राहिलो. वेळ दुपारची तीन-सव्वातीन, लख्ख ऊन. बाकापासून पंधरा-वीस पावलांवर ते छोटं तळघर होतं. दार अर्धवट उघडं, आडवी साखळी लावलेली.

आणि त्या दारातून वास आला.

पेवाचा वास!

नव्या पोरांना पेव माहीत नसेल. आमच्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत माणूस दोन माणूस खोल खड्डा, पोट मोठं आणि तोंड अगदी अरुंद. आत कडबा-भुसा लावून ज्वारी ओतायची, वर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकायचं. वर्ष वर्ष ज्वारी आत राहायची. उघडलं की एक ओला, आंबूस, गोडसर वास गल्लीभर पसरायचा. पेवातल्या ज्वारीची भाकर पिवळट व्हायची आणि तिला तोच वास यायचा. आई म्हणायची, पाहुण्याला वाढू नका. मला मात्र तीच आवडायची, अंबाडीच्या भाजीबरोबर. पन्नास वर्षांत तो वास मला परत आला नव्हता. अगदी खरं सांगतो, त्या परक्या अंगणात माझे डोळे भरून आले.

आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. ते गेले अकोल्याला, माझ्या मोठ्या बहिणीकडे. त्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला होता, येऊन जा म्हणून. मी बोर्डाचे पेपर तपासत होतो. म्हटलं, हातातला गठ्ठा संपवतो आणि दुपारून निघतो. अमरावती-अकोला जेमतेम दोन तासांचा रस्ता! मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. ताई म्हणाली, शांत गेले. आबांनी माझं नाव घेतलं का, वाट पाहिली का, हे तिला विचारायची हिंमत मला नऊ वर्षांत झाली नाही. गाडी चालवताना, भाजी घेताना, कधीही हा प्रश्न यायचा आणि मी तो मागे ढकलायचो.

तर... मी साखळीखालून वाकून आत गेलो. फक्त वास घ्यायला. दोन पायऱ्या, मग चार. दारातून बराच उजेड येत होता. अठरा-वीस पायऱ्या असतील. खाली गार, शांत. दोन मोठी पिंपं. भिंत नुसत्या मातीची, वर गिलावा नाही. आणि मातीची भिंत दिसल्यावर आमच्याकडचा माणूस जे करतो तेच मी केलं. उकिडवा बसलो, भिंतीच्या बुडातून चिमूटभर माती खरवडली, तळहातावर चुरली आणि नाकाला लावली.

धाप लागली होती, डोकं ठणकत होतं. मला वाटलं, जिन्यामुळे. छाती धडधडत होती, मला वाटलं, आठवणींमुळे. काय काय दिसायला लागलं... आबांचं धोतर, दोराचं वेटोळं, पेवाच्या तोंडाशी ठेवलेला कंदील. गुडघ्यांत शिशासारखं जड झालं. असंच बसावं, भिंतीला टेकावं, थोडा डोळा लागला तर काय बिघडलं, असं वाटलं. इतकं सुख मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात वरून, दाराकडून आवाज आला.

"हायेस का रे?"

आमच्याकडे पेवात उतरायची एक रीत होती. पेव उघडलं की दिवसभर उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा, तोही कमरेला दोर बांधून. गावात एक जण घाईने तसाच उतरला होता, तो मेलेलाच वर काढला. म्हणून वरचा माणूस घडीघडी हाक मारणार, "हायेस का रे?" आणि खालच्याने "हाव!" म्हणून ओ द्यायची. बसून नाही, वाकून नाही, सरळ उभं राहून आणि तोंड वर करून. ओ आली नाही की वरचा दोर ओढणार. मी हडकुळा असल्यामुळे अरुंद तोंडातून आबा मलाच सोडायचे. एकदा मी गंमत म्हणून ओ दिली नाही. क्षणात आबांनी मला असं खेचलं की काखा सोलवटल्या. वर आल्यावर एक सणसणीत कानाखाली. "असी मजाक पुन्यांदा करशीन त तंगडं तोडीन!" आणि मग तेच खाली बसले. त्यांचे हात थरथरत होते. मार मी विसरलो, ते हात नाही विसरलो.

ती हाक ऐकली आणि माझं मी काही ठरवलंच नाही. शरीराने ठरवलं. भिंतीला धरून उठलो, सरळ उभा राहिलो, तोंड वर केलं आणि ओरडलो, "हाव!"

वर डोकं निघताच श्वास थोडा मोकळा झाला. आणि लगेच दुसऱ्यांदा आवाज, या वेळी रागातला.

"हायेस त वर ये ना मंग! काहून बसला तथी?"

"हाव, आलो!"

पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. शेवटच्या चार तर हातापायांवर. साखळीखालून बाहेर आलो आणि गवतावर आडवा झालो. दारात कुणी नव्हतं.

सुनीता अनवाणी धावत आली. मागून केतकी, मागून म्हातारा. मी कुठून आलो ते कळल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने आतून एक लांब दांडी आणली, तिच्या टोकाला मेणबत्ती लावली आणि वाकून ती जिन्यात खाली खाली नेली. शेवटच्या पायऱ्यांपर्यंत पोचली आणि ज्योत विझली. वारा लागून विझते तशी नाही, चिमटीत धरून दाबावी तशी. त्याने परत लावली. परत विझली.

बत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो — आंबण्याच्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. पोरं घोकायची. 'काम चालू आहे' म्हणजे त्या पिंपांत रस आंबत होता. आणि मास्तर तळाशी जाऊन उकिडवे बसले! म्हातारा केतकीला सांगत होता, की आणखी पाच-दहा मिनिटं बसून राहिले असते तर... तिने पुढचं मराठी केलं नाही.

इथवर सगळं मला समजतं. हवा कमी पडली की मेंदू काहीही ऐकवतो. रीत मनात खोल रुजलेली, वास तोच, तेव्हा हाकही तीच ऐकू येणार. मी गवतावर पडल्या पडल्याच हे उत्तर तयार केलं होतं. तेवढ्यात सुनीता मला पाणी पाजत म्हणाली,

"अहो, पण ते गृहस्थ गेले कुठे?"

"कोण?"

"तुमच्या वऱ्हाडातलेच असणार, दुसरं कोण असं ओरडेल? 'हायेस का, हायेस का' करत होते. भांडायला आल्यासारखा आवाज! मी म्हटलं, इथेही भेटलं का तुम्हाला अमरावतीचं कुणी. बघायला उठले तर तुम्ही आतून 'हाव, हाव' करताय. आणि दारात तर कुणीच नाही."

आबांचा तो आवाज सुनीताने कधीच ऐकलेला नाही. आमच्या लग्नाआधीच आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. तिला माहीत होती ती त्यांची घोगरी कुजबुज. आणि पेवाची रीत मी तिला कधी सांगितली नव्हती. पुण्याच्या माणसाला कुठे पेव समजावत बसायचं?

केतकीने काहीच ऐकलं नव्हतं, ती आत होती. त्या दुपारी तिथे आमच्याखेरीज भारतीय कुणी आलेलं नाही, असं म्हाताऱ्याने सांगितलं.

परतीच्या आगगाडीत मी अकोल्याला ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. ती मधे एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, फोन कटला.

"ताई, हायेस ना?"

"हाओ... आयकून राह्यली." मग म्हणाली, "तुले एक गोष्ट सांगतली नाई मी. जिवाले लावून घेतलं असतं तू. त्या दिवशी दुपारपासून आबाइनं हेच लावून धरलं होतं. 'हायेस का रे, हायेस का रे.' आवाज त निघतच नव्हता, नुसते व्हट हालत. म्या म्हणलं, येऊन राह्यला तो, रस्त्यात हाय. तरी तेच. शेवटी मीच म्हणलं, 'हाव.' त डोये उघडून मले म्हणते कसे, 'तू नोको बोलू. त्याले बोलू दे.'"

समोर सुनीता, बाजूला केतकी, दोघी घाबरून माझ्याकडे बघतायत.

"आज देल्ली ना तू ओ?" ताईने विचारलं.

"देल्ली."

"किती डाव?"

"दोन."

"मंग रडू नोको," ती म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

घरी आल्यापासून मी यावर बराच विचार केला. ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्यापुरतं उत्तर दिलं, सुनीताचं काय ते त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर जरूर कळवा, मी केमिस्ट्रीचा माणूस आहे, उत्तर आवडेल मला. नऊ वर्षं जे विचारायला मी घाबरत होतो ते आता मला कळलंय. आबांनी माझी वाट पाहिली होती, आणि दोन तासांचा रस्ता मला जमला नाही. ते कुठून आले कोण जाणे, पण ते वेळेवर पोचले.